आपल्या दहावीच्या वर्षी सापडलेला ग्रह

संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा अट एकच होती: लेख दहावीच्या वर्षाबद्दल हवा. सहलीच्या गमती, सराव परीक्षेचा धसका, निरोप समारंभातली रडारड यांवर लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी गेली कित्येक वर्षं नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. म्हणून त्या वर्षातली एक वेगळी घटना निवडली आहे. ती घडली तेव्हा आपण सगळे लातूरला एकाच वर्गात बसलेलो होतो आणि आपल्यापैकी कुणालाही तिचा पत्ता नव्हता.

१९९५ सालची ती सहामाही आठवा. २१ सप्टेंबरला गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली आणि गल्लोगल्लीच्या देवळांपुढे वाटी-चमचा घेऊन रांगा लागल्या. २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण झालं. उत्तरेत ते खग्रास होतं, आपल्याकडे खंडग्रास. या दोन तारखा आपल्या पक्क्या लक्षात आहेत. त्यांच्या मध्ये, शुक्रवारी ६ ऑक्टोबरला, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात खगोलशास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती. जिनिव्हाच्या मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ या दोघांनी तिथे जाहीर केलं की, ५१ पेगासी नावाच्या ताऱ्याभोवती गुरूच्या जातीचा एक महाकाय ग्रह फिरतो आहे. तारा आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षं दूर. ग्रहाचं वस्तुमान गुरूच्या साधारण निम्मं. पण त्याचं वर्ष अवघं ४.२ दिवसांचं! आपला बुध सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतक्या अंतरावर हा अवाढव्य गोळा आपल्या ताऱ्याला घिरट्या घालत होता.

त्याआधी १९९२ मध्ये एका मृत ताऱ्याभोवती, म्हणजे स्पंदकाभोवती, ग्रह सापडले होते. पण आपल्या सूर्यासारख्या धडधाकट ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा पक्का पुरावा हा पहिलाच. आपण मात्र मार्च १९९६ च्या बोर्डाच्या परीक्षेसाठी नऊ ग्रहांची नावं क्रमानं घोकत होतो.

हे सगळं परदेशात घडलं, आपला त्याच्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही विद्यार्थी हेच विचारतात. मोठं विज्ञान पुण्या-मुंबईच्या पलीकडे, समुद्रापार कुठेतरी होतं आणि मराठवाड्यानं ते फक्त पाठ करायचं, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. पण या ग्रहशोधाचा इतिहास उलगडत गेलं की आपल्या ओळखीची गावं त्यात एकामागून एक लागतात. ती कशी, तेच इथे सांगायचं आहे.

पहिलं गाव पुणे. विल्यम स्टीफन जेकब हा कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातला लष्करी इंजिनिअर. त्यानं १८४२ साली पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली. जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन-दोन तारे मोजणं हा त्याचा नाद. पुण्याच्या आकाशात मोजलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्यानं तयार केली. पुढे तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. तिथून १८५५ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात एक निबंध प्रसिद्ध केला. भुजंगधारी तारकासमूहातला ७० ऑफियुची हा जोडतारा गणितानं सांगितलेल्या वाटेवरून नेमका चालत नाही, थोडा डगमगतो. त्याअर्थी तिथे न दिसणारा एक ग्रह असण्याचा मोठा संभव आहे, असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह आहे, असा मोजमापांच्या आधारानं केलेला हा जगातल्या सर्वांत जुन्या दाव्यांपैकी एक.

न दिसणारा ग्रह ताऱ्याच्या डगमगण्यावरून कसा कळतो? आपल्या मुलींची फुगडी आठवा. थोरली बहीण आणि धाकटी फुगडी घालतात तेव्हा धाकटी मोठा फेर घेते. थोरली जवळपास जागच्या जागीच फिरते, पण अगदी स्थिर नसते. तिचाही लहानसा फेर असतोच. अंधारात धाकटी दिसलीच नाही, तरी थोरलीच्या त्या फेरावरून तिच्या हातात कुणाचा तरी हात आहे, हे ओळखता येतं. तारा म्हणजे थोरली, ग्रह म्हणजे धाकटी.

जेकबचा तर्क बरोबर होता, पण मोजमाप त्याला पेलणारं नव्हतं. आकाशातले कोन सेकंदात मोजतात. अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं पाच किलोमीटरवरून पाहिलं तर जेवढं दिसेल, तेवढा एक सेकंदाचा कोन. गुरू आपल्या सूर्याला जेवढा हलवतो, ते हलणं ७० ऑफियुचीच्या अंतरावरून पाहिलं तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं भरेल. म्हणजे तेच नाणं पाच हजार किलोमीटरवर ठेवायचं! जेकबच्या काळच्या दुर्बिणी आणि डोळ्यांनी केलेली मापनं यांच्या आवाक्यात हे कधीच नव्हतं. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या टी. जे. जे. सी या खगोलशास्त्रज्ञानं त्याच जोडताऱ्याजवळ न दिसणारा जोडीदार असल्याचं पुन्हा सांगितलं. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यानं गणितानं दाखवलं की तशी कक्षा टिकूच शकत नाही. आजवर तिथे ग्रह सापडलेला नाही.

जेकबला हे पाहायला मिळालं नाही. प्रकृती ढासळल्यामुळे तो इंग्लंडला परतला होता. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायला १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेनं एक हजार पौंड मंजूर केले आणि तो पुन्हा निघाला. ८ ऑगस्टला तो मुंबई बंदरात उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला. त्या वेळी त्याचं वय ४८ होतं. सह्याद्रीवरची ती वेधशाळा कागदावरच राहिली.

इथे मला आपले विज्ञानाचे सर आठवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा आपण आठवीत होतो. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. सुमारे दहा हजार माणसं गेली. आपल्या वर्गातल्या काहींचे नातेवाईक, गावंच्या गावं त्यात होती. ते दिवस मी नव्यानं सांगायला नको. त्यानंतर कित्येक महिने दर आठवड्याला नवी आवई उठायची. आज रात्री पुन्हा होणार, अमुक तारखेला लातूर जाणार. माणसं अंथरुणं घेऊन मैदानात जायची. वर्गात कुणी असं काही सांगितलं की सर त्याला कधी रागावले नाहीत. ते फक्त तीन प्रश्न विचारायचे: कुणी मोजलं? कशानं मोजलं? दुसऱ्या कुणी पुन्हा मोजलं का? भेदरलेल्या मुलांना त्या तीन प्रश्नांनी किती धीर दिला, हे सरांना तरी ठाऊक आहे की नाही, कुणास ठाऊक. ग्रहशोधाचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांवर उभा आहे. जेकबच्या दाव्याला पहिल्याचं उत्तर होतं, दुसऱ्याचं लंगडं होतं आणि तिसऱ्यापाशी तो पडला. पण त्यानं आपले आकडे छापून ठेवले होते, म्हणून तर इतरांना ते तपासता आले.

दुसरं गाव हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड काय आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर काय, सगळा मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. नवाब जफर जंग नावाच्या एका हौशी उमरावानं १९०१ मध्ये हैदराबादेत वेधशाळा स्थापन केली. त्याच्या मृत्यूनंतर, १९०८ मध्ये, ती निजाम सरकारनं ताब्यात घेतली आणि पुढे बेगमपेठेत हलवली. तीच निजामिया वेधशाळा. संस्थानाच्या तिजोरीतून ती चालायची. म्हणजे आपल्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्याचाही तिच्यात वाटा होता.

त्या काळी जगातल्या वीसेक वेधशाळांनी मिळून सगळ्या आकाशाची छायाचित्रं काढण्याचं काम अंगावर घेतलं होतं. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या या योजनेत प्रत्येकीला आकाशाचा एक पट्टा वाटून दिला होता. चिलीतल्या सान्तियागोकडे असलेला, दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला. १९१४ पासून पुढची दीडेक दशकं, रॉबर्ट पोकॉक आणि नंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली, या पट्ट्यातलं आकाश काचेच्या तबकड्यांवर उतरवलं गेलं. मग एकेक तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्येक ठिपक्याची आडवी-उभी जागा माणसांनी डोळ्यांनी मोजली, वहीत लिहिली, छापली. लाखो तारे! या कंटाळवाण्या कामाचा उपयोग काय, असं तेव्हा अनेकांनी विचारलं असेल. उत्तर मिळायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. २००० साली युरोपीय उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २५ लाख ताऱ्यांची ‘टायको-२’ ही सूची तयार झाली. एखादा तारा शतकभरात किती सरकला, हे काढायला जुनी जागा लागते. ती या काचेच्या तबकड्यांनी दिली.

आता पुन्हा १९९५ कडे येऊ. मेयर-क्वेलोझ यांनी ताऱ्याची जागा मोजलीच नाही. त्यांनी त्याचा वेग मोजला. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १.९३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला त्यांनी ‘एलोडी’ नावाचं वर्णपटमापक यंत्र जोडलं. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला किंचित सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. एस.टी. स्टँडवर गाडी हॉर्न वाजवत जवळ येते आणि निघून जाते तेव्हा आवाजाची पट्टी बदलते, तोच हा प्रकार. ५१ पेगासी तारा दर ४.२ दिवसांनी ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगानं पुढे-मागे होत होता. प्रकाशाच्या वेगापुढे हा वेग एक कोटीत दोन एवढा, आणि तेवढा फरक त्यांच्या यंत्रानं पकडला. कुणी मोजलं, कशानं मोजलं, ही दोन उत्तरं अशी मिळाली. तिसरं उत्तर काही दिवसांतच अमेरिकेतून आलं. जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी लिक वेधशाळेतून तोच तारा मोजला आणि तोच ठेका त्यांना मिळाला. २०१९ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल पारितोषिक मेयर आणि क्वेलोझ यांना मिळालं.

फ्लॉरेन्सच्या त्याच परिषदेत आणखी एक घोषणा झाली आणि तिच्यात आपलं तिसरं गाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यात, नरसोबाच्या वाडीशेजारचं कुरुंदवाड. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये तिथला. ते वाढले हुबळीला, शिकले दिल्लीच्या आयआयटीत आणि मग अमेरिकेतल्या बर्कलीला. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत त्यांच्या गटानं, त्यात तादाशी नाकाजिमा हे प्रमुख होते, ऑक्टोबर १९९४ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळ एक अतिमंद ठिपका पाहिला. तारा मृगाच्या पायाशी असलेल्या शशक तारकासमूहातला, १९ प्रकाशवर्षांवरचा.

ठिपका दिसला, पण त्यांनी लगेच डांगोरा पिटला नाही. तो मागे लांबवर असलेला, केवळ त्याच दिशेला दिसणारा भलताच तारा असू शकत होता. ग्लीझ २२९ आकाशात दरवर्षी थोडा सरकतो. ठिपका त्याच्याबरोबर सरकला तरच तो त्याचा सोबती. म्हणून ते एक वर्ष थांबले. वर्षभरानं ठिपका ताऱ्याच्या बरोबरीनं सरकलेला होता. पालोमारच्याच २०० इंची दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला तर त्यात मिथेन वायू निघाला. गुरूच्या वातावरणात असतो तोच. ताऱ्यांच्या धगीत मिथेन टिकत नाही. ताऱ्याहून लहान, ग्रहाहून मोठी अशी ही वस्तू होती. तिला तपकिरी बटू म्हणतात. अशा वस्तू असाव्यात हे गणित तीसेक वर्षांपूर्वीच मांडलं गेलं होतं. इतकी थंड, मिथेनवाली वस्तू प्रत्यक्ष दिसली ती पहिल्यांदा इथे. ५१ पेगासीचा ग्रह कुणी पाहिलेला नव्हता, त्याच्या ताऱ्याचं हलणं पाहिलेलं होतं. इथे सोबती स्वतः दिसला. एकाच परिषदेत, एकाच आठवड्यात या दोन्ही बातम्या आल्या. कुलकर्णींना २०२४ चं शॉ पारितोषिक मिळालं.

आणि हा ग्लीझ २२९ आहे कुठे? दक्षिणेला जवळजवळ २२ अंशांवर. म्हणजे निजामिया वेधशाळेला वाटून दिलेल्या पट्ट्यात! नकाशावर हा आकडा मी पहिल्यांदा ताडून पाहिला तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो.

गोष्ट तिथेही संपली नाही. उपग्रहांनी ताऱ्याचं डगमगणं मोजलं तेव्हा त्या सोबत्याचं वस्तुमान गुरूच्या ७१ पट निघालं. एवढ्या जड वस्तूनं जास्त उजळ दिसायला हवं होतं. ती फारच मंद होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोडं सुटलं. तो ठिपका एक नाही, दोन आहेत. गुरूच्या सुमारे ३८ पट आणि ३४ पट वस्तुमानाची ही जोडी १२ दिवसांत एकमेकींभोवती फिरते. तीस वर्षं सगळ्यांनी एक समजलेली गोष्ट पुन्हा मोजल्यावर दोन निघाली. पुण्याचा जेकब जन्मभर जे जोडतारे मोजत होता, त्याच घराण्यातली ही जोडी म्हणायची.

आज सापडलेल्या बाह्यग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांतले काही आपल्या देशातून सापडले. अबूच्या पहाडावर गुरुशिखर इथे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण आहे. तिथल्या ‘पारस’ या यंत्रानं २०२३ मध्ये ७३१ प्रकाशवर्षांवरचा, गुरूच्या जवळजवळ १३ पट वस्तुमानाचा ग्रह पक्का केला. पद्धत तीच, एलोडीची.

आणि एका महाकाय ग्रहाचं नाव तर महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलानं ठेवलेलं आहे. २००६ मध्ये हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीनं शोधलेला, गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा आणि दोन दिवसांचं वर्ष असलेला हा ग्रह. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं प्रत्येक देशाला एक तारा आणि एक ग्रह यांचं बारसं करायला दिलं तेव्हा तो भारताच्या वाट्याला आला. पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं सुचवलेलं ‘संतमस’ हे संस्कृत नाव ग्रहाला मिळालं. अर्थ, झाकोळलेला. त्याच्या ताऱ्याचं नाव ठेवलं ‘बिभा’. बिभा चौधुरी या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक. १९४० च्या सुमारास दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या तबकड्या ठेवून त्यांनी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी वैश्विक किरणांतल्या नव्या कणांच्या खुणा नोंदल्या होत्या. युद्धाच्या काळात त्यांना हव्या तशा तबकड्या मिळाल्या नाहीत. त्याच पद्धतीनं पुढे गेलेल्या सेसिल पॉवेल यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. बिभाबाईंचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आता ते एका ताऱ्याला आहे.

पुण्यात वारलेला जेकब, बेगमपेठेत ठिपके मोजणारे निनावी कारकून, दार्जिलिंगच्या डोंगरातल्या बिभाबाई. यांपैकी कुणालाही आपल्या नोंदींचं पुढे काय होणार, हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नोंद नीट ठेवली, एवढंच. आपल्यातले बरेच जण आज शेतीत, दवाखान्यात, बँकेत, शाळेत, घरात अशाच कुणी न पाहणाऱ्या नोंदी ठेवतात. त्या वाया जात नाहीत, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो, आणि पटवून देण्यासाठी मला या ताऱ्यांइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मेळावा दिवाळीच्या सुट्टीत आहे. जेवणं उरकली की रात्री आठच्या सुमारास शाळेच्या मैदानात या आणि सरळ डोक्यावर पाहा. चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसेल. त्याची पश्चिमेची बाजू म्हणजे आपलं पूर्वा भाद्रपदा नक्षत्र. त्या बाजूच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध, रेषेच्या किंचित पश्चिमेला, ५१ पेगासी आहे. लातूरहून आणि नांदेडहून तो जवळजवळ माथ्यावर येतो. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून मी दुर्बीण आणतो आहे. सर, पहिल्यांदा तुम्ही पाहायचं. मग आम्ही रांगेत उभे राहतो, हजेरीपटाच्या क्रमानं.